मला न लागलेली सिगरेट

महाप्याच्या त्या ऑफिसात लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला एका जागी बसता येत नसे. हे काही नवं नव्हतं. शाळेत बाई मला दर तासाला खडू आणायला पाठवायच्या, कारण मी बसले की माझा पाय हलायचा, आणि पायाबरोबर बाक, आणि बाकाबरोबर बाकीच्या दोघी. पण शाळेत निदान मधली सुट्टी होती. इथे काचा न उघडणारी इमारत, अंगावर येणारा एसी, आणि परदेशातल्या हॉस्पिटलांचे इन्शुरन्सचे क्लेम. एका क्लेमला किती मिनिटं लागली ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत राहायचं. अकरा वाजेपर्यंत मी तीनदा पाण्याला आणि दोनदा वॉशरूमला जाऊन आलेली असायचे. आमच्या टीम लीडरने एकदा मला बाजूला घेऊन, अगदी काळजीने, तब्येत बरी आहे ना असं विचारलं. लाज वाटली. त्यानंतर मी दोन तास दातांवर दात ठेवून बसून राहायचे आणि मग डोकं दुखायचं.

माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसणारी माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती. पनवेलहून यायची. तिला मी सुरुवातीला ताई म्हणायचे, ते तिने आठवड्याभरात बंद करायला लावलं. ऑफिसात सगळे तिला सीनियर म्हणायचे, तर मीही इथे तेच म्हणते. सीनियर अकराला उठायची आणि चारला उठायची. पर्स उघडायची, हातात काहीतरी लपवल्यासारखं घ्यायची आणि लिफ्टकडे चालू लागायची. तिला कोणी काही विचारत नसे. तिच्याबरोबर आणखी चारपाच जण उठायचे, कधी टीम लीडरसुद्धा. पंधरा मिनिटांनी सगळे परत यायचे ते हसत, आणि कोणाला कुठल्या शिफ्टला टाकायचं, कोणाला नवीन काम द्यायचं, हे बहुतेक वेळा खालीच ठरलेलं असायचं. मी पाणी प्यायला उठले तर तब्येतीची चौकशी. ते सिगरेट ओढायला उठले तर तो त्यांचा हक्क. मला सिगरेटचं आकर्षण नव्हतं, त्या उठण्याचं होतं.

म्हणून एक दिवस मीही अकराला उठले. सीनियरने वर पाहिलं आणि म्हणाली, चल.

इमारतीच्या मागे ट्रक उभे असायचे आणि त्यांच्या पलीकडे चहाची टपरी. पहिले पंधरा दिवस मी नुसती कटिंग घेऊन उभी राहिले. चहा चार घोटांत संपतो. तो संपला की मला रिकाम्या ग्लासचं काय करावं कळायचं नाही, आणि बाकीचे अजून अर्ध्यावर असायचे. शेवटी मी सीनियरला म्हटलं, मला दे एक. तिने अख्खी दिली नाही. स्वतःची, अर्धी झालेली, पुढे केली.

पहिला झुरका मी गिळला. म्हणजे चहा गिळतात तसा. खोकला आला, डोळ्यांतून पाणी, तोंडात लाळच लाळ. मग डोकं हलकं झालं. मी टपरीमागच्या दगडावर बसले. सीनियर माझ्या पाठीवर हात फिरवत होती आणि हसत होती, पण वाईट नाही. सगळ्यांचं असंच होतं, ती म्हणाली, तिसऱ्या-चौथ्याला जमेल.

मी तिसऱ्या-चौथ्याची वाट पाहिली. खरंच पाहिली. त्या दोन महिन्यांत मी आठ-नऊ वेळा तरी ओढली असेल. खोकला गेला. धूर नाकातून सोडायला जमलं. सिगरेट कशी धरायची, राख कधी झटकायची, हे मी तिचं पाहून हुबेहूब शिकले. फक्त ते व्हायचं काही होईना. सीनियरचा पहिल्या झुरक्यानंतर खांदा खाली यायचा. मी रोज पाहायचे. कोणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसा चेहरा व्हायचा तिचा. माझा खांदा होता तिथेच. मी ओढत असतानाच विचार करत असायचे की ही कधी संपेल, आता कुठे जाऊ, वर किती क्लेम पडलेत. तिला ती शांत करायची. मला तीही एक काम वाटायची.

वर जाऊन मी पुन्हा क्लेम उघडायचे. प्रत्येक फॉर्मवर तंबाखूचा एक रकाना असायचा. सध्या, पूर्वी, कधीच नाही, यातलं एक. स्वतःसाठी यातलं काय भरायचं, याचा मी एका दुपारी विचार करत बसले आणि त्या एका क्लेमला अकरा मिनिटं लागली.

आमचं घर कोपरखैरण्याला. वडील कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, गाव साताऱ्याकडचं. घर तळमजल्याचं, त्यावर नंतर एक खोली चढवलेली. मी जिन्याने थेट वर जायचे, तोंड धुवायचे आणि मग खाली यायचे. ते एका संध्याकाळी चुकलं, कारण नळाला पाणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात बादलीतून पाणी घ्यायला गेले, आणि आई भाकरी थापता थापता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. परातीकडेच बघत होती.

"कशी लागली?" तिने विचारलं.

मी आधी कळलं नाही असं दाखवलं. मग म्हटलं, "कडू."

"तसं नव्हं. परत वडावी वाटली का?"

"नाही."

"मग जाऊ दे," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मला ओरडा हवा होता. ओरडली असती तर मीही ओरडले असते, ऑफिसात काय चालतं, तुला काय माहीत, वगैरे सगळं तयार होतं. ती शांत राहिली म्हणून मी तिथेच घुटमळत राहिले. मग तिने भाकरी उलटता उलटता मला तिच्या मिश्रीचं सांगितलं.

आई मिश्री लावायची हे मला माहीत होतं, पण जसं घराला दार आहे हे माहीत असतं तसं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, त्या वासाने शेजारचे शिंकायचे, मग कुटून डबीत. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर, मध्येही दोन-तीनदा, डाव्या तळव्यावर चिमूट घेऊन मधल्या बोटाने दातांना. ती उंबऱ्यावर बसून हे करायची आणि तेवढा वेळ तिच्याशी कोणी बोलायचं नाही. माझ्या वेळी सातवा महिना होता, दाढ ठणकायची, म्हणून चाळीतल्या एका बाईने तिला पहिली चिमूट दिली होती. तिला चक्कर आली, उलटी झाली, दुपारभर पडून राहिली.

"आन दुसऱ्या दिशी," आई म्हणाली, "तिनं हाक मारायच्या आदी मीच तिच्या दारात जाऊन हुबी ऱ्हायले."

एवढंच. पुढे तिने वडिलांना काही सांगितलं नाही आणि मीही नंतर टपरीवर जाणं बंद केलं नाही. मी जायचे, कधी ओढायचे, कधी नुसती धरायचे. पण आईच्या त्या वाक्यानंतर मी स्वतःला सारखी तपासत असायचे. हिरडीला जखम आहे का हे जीभ लावून लावून पाहावं तसं. आज वाटतेय का? आता? जेवण झालं, आता तरी?

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की आई भाकरी दह्यात कालवून खाते. भाजी घेतच नाही. विचारलं तर म्हणाली तिखट झोंबतं, उष्णता झाली असेल. मी मोबाइलचा टॉर्च लावून तिला तोंड उघडायला लावलं. डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता, अंगठ्याच्या नखाएवढा. मी तिला दुसऱ्याच दिवशी वाशीला एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी तंबाखू खाता का विचारलं. आई म्हणाली नाही. त्यांनी मग सिगरेट-बिडी विचारली, आईने ती हसण्यावारी नेली. मग मिश्री विचारली.

"ती लावते की," आई म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या आणि मला काही विचारलं नाही, तरी मी मान खाली घातली. त्यांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस लागतील म्हणाल्या. तोवर मिश्री पूर्ण बंद.

ते आठ दिवस कसे काढले मला नीट सांगता येणार नाही. मी ऑफिसात बसायचे आणि माझ्याच समोर दुसऱ्या देशातल्या लोकांची तोंडं, घसे, फुप्फुसं उघडी पडायची. मी त्यातले शब्द मोबाइलवर शोधायचे आणि अर्धवट वाचून बंद करायचे. घरी आले की आईच्या गालाकडे बघायचे, मग दुसरीकडे. वडील घरात तंबाखू मळायचे थांबले. ते आता बाहेर गल्लीत उभे राहून मळायचे आणि त्यांच्या मते तेवढं पुरेसं होतं. आणि आई, तुकडा काढल्या जागचा टाका दुखत असताना, दुसऱ्याच दिवसापासून उजव्या बाजूने मिश्री लावत होती. लपून नाही. उंबऱ्यावरच बसून. मी तिच्या पुढ्यात उभी राहिले तेव्हा तिने हाताने मला बाजूला हो अशी खूण केली, कारण तोंडात थुंकी होती.

शनिवारी सुट्टी होती आणि मला घरात थांबवेना. मी नाक्यावरून सिगरेटचं पाकीट घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं, अख्खं. तोवर मी नेहमी कोणाची तरी ओढत आले होते. मला वाटलं, ही माणसं जे म्हणतात, टेन्शनमध्ये हिच्याशिवाय जमत नाही, ते खरं असेल तर त्यासाठी याहून योग्य दिवस येणार नाही. मी खाडीकडच्या रस्त्याने निघाले. दुपारचे तीन वाजले असतील. ओहोटी होती, खारफुटीच्या मुळांशी चिखल उघडा पडला होता आणि त्याला तो नेहमीचा वास होता. एका बाकावर बसून मी पहिली पेटवली. चार झुरके घेतले आणि उठले. बसवेना. चालत चालत ओढू लागले. डोक्यात तोच रिपोर्ट. तिकडच्या टोकाला पोचले तेव्हा बोटाला चटका बसला. सिगरेट आपली आपण जळून संपली होती आणि मी तिला तोंडाला लावायचं विसरले होते.

मी दुसरी पेटवली. ही नीट ओढायची असं ठरवून. छातीत भरून घेतला धूर, सीनियर घेते तसा, डोळे मिटून. मळमळलं. छाती धडधडायला लागली, म्हणजे आधी धडधडत होतीच, आता जास्त. तिसरी मी रागाने पेटवली. कोणाचा राग ते कळत नव्हतं. आईला जे एका चिमटीत मिळालं, सीनियरला जे मिळतं, ते मला का देत नाही ही? मी अक्षरशः मागत होते. तिसरी अर्ध्यावर चिखलात टाकली आणि मग दोनदा त्या रस्त्याला फेऱ्या मारल्या, भराभर, घाम येईपर्यंत. तेव्हा कुठे एका जागी उभं राहता आलं.

सोमवारी पाकीट मी सीनियरला देऊन टाकलं. काय झालं ते तिला सांगितलं. आईचंही सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि हातातली सिगरेट तिने पेटवलीच नव्हती.

"तुला जमणार नाही हे," ती म्हणाली. "तू सोड नाद."

मग तिने पेटवली, आणि तिचा खांदा खाली आला.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या, डॉक्टर म्हणाल्या, आणि मिश्री थांबली नाही तर त्या कुठे जातील याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या. आईने मान डोलावली. घरी आल्याबरोबर तिने स्वतः डबी माझ्या हातात दिली आणि टाकून ये म्हणाली. मी ती कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली. परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी जिलेबी घेऊन आले.

पाचव्या दिवशी तांदूळ काढताना डब्याच्या तळाशी माझ्या हाताला पिशवी लागली. त्यात मिश्री होती, दुकानातली, तयार.

मी जे बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. तुला जगायचंय की नाही, आमचा विचार आहे की नाही, एवढं काय अवघड आहे, असं बरंच. शेवटी मी म्हटलं की मीसुद्धा सिगरेट ओढून पाहिली, एक-दोन नाही, बऱ्याच, आणि सोडली ना? एका दिवसात सोडली.

आई तांदूळ निवडायला बसली होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तू सोडली न्हाईस," ती म्हणाली. "तुला लागलीच न्हाई. सोडनं मला ठावं हाय, तुला न्हाई."

मी वर खोलीत निघून गेले. रागात होते. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, त्याचा जास्त राग आला. ऑफिसात, नात्यात, जिथे विषय निघेल तिथे मी तेव्हा जरा ऐटीत सांगू लागले होते की मी ट्राय केली पण पडले नाही त्यात. लोक म्हणायचे, मन खंबीर आहे पोरीचं. मन! ज्या मनाला अर्धा तास एका खुर्चीवर बसवत नाही ते. त्यात माझी करामत काहीच नव्हती. मला धूर मानवला नाही, एवढंच. जशी काहींना वांगी मानवत नाहीत. आणि मानवला असता तर? मी तर त्या शनिवारी हात जोडून त्याच्या दारात उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले, उंबऱ्यावर आईशेजारी बसले आणि तिला विचारलं की सोडताना काय होतं. तिने आधी टाळलं. मग सांगितलं. सकाळी उठल्यावर पोट साफ होत नाही. डोकं जड. कोणी बोललं की अंगावर येतं. हात नुसते रिकामे वाटतात. दिवस सुरूच होत नाही, ती म्हणाली, नुसता उजाडून पडलेला असतो. मी हे सगळं जाऊन डॉक्टरांना सांगितलं, कारण आई ते त्यांना कधी सांगणार नव्हती. त्यांनी हळूहळू कमी करायचं ठरवून दिलं आणि दर महिन्याला यायला सांगितलं. दिवसाला पाच वेळांवरून चार, चारवरून तीन. मध्ये गावाला जत्रेला गेली आणि पुन्हा पाच. मी बोलले नाही. म्हणजे बोलायला तोंड उघडलं होतं, पण जिन्यावर दोन फेऱ्या मारून आले.

पावणेदोन वर्षं लागली तिला. एक दिवस ती जाहीर न करताच थांबली. मला आठवड्याने कळलं. चट्टा पूर्ण गेला नाही, फिकट झाला. सहा महिन्यांनी दाखवायला जावं लागतं आणि त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. वडील अजून गल्लीत उभे राहून मळतात.

सीनियरने लग्नानंतर पुण्याला बदली घेतली. तिने मला पहिल्यांदा फोन केला तो सिगरेट सोडायची ठरवल्यावर. तिला वाटत होतं की माझ्याकडे काही युक्ती असेल. मी म्हटलं, मला नाही माहीत, मला कधी लागलीच नाही, पण तुला सकाळी काय होतं ते सांग. ती सांगत राहिली. तेव्हापासून असंच चाललं आहे. ती सोडते, मला दिवस कळवते, मग महिना-दोन महिने तिचा पत्ता नसतो, आणि मी ओळखते. अशा वेळी मी तिला इकडचं तिकडचं पाठवते. सिगरेटबद्दल एक अक्षर नाही.

गेल्या महिन्यात ती कामासाठी वाशीला आली होती. आम्ही भेटलो, तासभर बोललो, आणि तेवढ्यात ती दोनदा बाहेर जाऊन आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली की तिला माझा हेवा वाटतो आणि कधीकधी रागही येतो. मी म्हटलं, येऊ दे, माझ्या आईलाही यायचा. ती हसली. मग तिने आईचं सगळं पुन्हा विचारून घेतलं, किती दिवस लागले, मध्ये किती वेळा सुरू केली, शेवटी कशी थांबली. तिला नेमकं कळायला हवं होतं. शेवटी कशी थांबली ते मलाही नेमकं सांगता आलं नाही.

परवा तिचा मेसेज आला. आज चौथा दिवस, फोन करू नकोस, चिडेन. मी केला नाही. दिवसभर मोबाइल उलटा ठेवला होता, आणि दर पाच मिनिटांनी सुलटा करून पाहत होते.